स्वर गाळलेल्या रेघा

मोठे साहेब खिडकीकडे तोंड करून पत्र सांगायचे.
"त्या मुलुंडच्याला लिहा, नेहमीसारखं, पण जरा ताठ."
एवढंच.
मी पेन्सिल टेकवायची. जाड रेघ, बारीक रेघ,
स्वर सगळे गाळलेले.
लघुलिपीत स्वर लिहीत बसलं तर माणूस पुढे निघून जातो.
क आणि ळ: काळ, कळ, केळी, कोळी,
रेघ एकच.
स्वर नंतर भरायचे, टाइपरायटरपाशी,
आवाजावरून, घशातल्या खाकरण्यावरून,
काल मुलुंडचा फोन कुणी आपटला होता त्यावरून.

आता खुर्चीत निनादसाहेब.
मागे तेच बॅलार्ड इस्टेट, गोदीतल्या त्याच क्रेन,
समोर स्क्रीन.
पवईच्या हॉटेलात दोन दिवस कोर्स करून आलेत,
जेवणासकट अठरा हजार.
बोटं भरभर:
"उशिरा माल देणाऱ्याला कडक पत्र लिही."
लिहिलं त्याने. चार सेकंदांत, एक वेलांटी चुकली नाही.
कुठल्याही साहेबाने कुठल्याही माणसाला
कुठल्याही मंगळवारी पाठवावं असं.
"वाचा चुरीबाई. कसं वाटतं?"
म्हटलं, छान आहे. कोणाला आहे?

हसले नाहीत. म्हणाले, मग काय घालू?

स्वर घाला, म्हटलं.
हे काही एकतीस वर्षं तुमच्या दाराबाहेर बसलेलं नाही.
वेलणकर म्हणजे कोण, त्याला काय ठाऊक?
सांगा की सव्वीस जुलैला साकीनाक्याचं गोडाऊन
गळ्यापर्यंत बुडालं,
तेव्हा ऑर्डर नसताना, आगाऊ न मागता
रबराच्या बावीस शीटा टेम्पोतून आणून उतरवणारा हा माणूस.
सांगा की हल्ली धंदा मुलगी बघते,
आणि आपलं पत्र वडिलांना मोठ्याने वाचून दाखवते.
तुम्हाला काय हवंय ते सांगा: माफी, की माल?
एका पत्रात दोन्ही मिळत नाही.
आणि काय लिहायचं नाही, तेही.
तुमचे वडील ते बोलून दाखवायचे नाहीत, भुवई उचलायचे.
आता भुवईसुद्धा टाइप करावी लागते.

लिहीत गेले. अर्धं पान झालं असेल.
मग बोटं थांबली.
"चुरीबाई, त्यांची ती दोन बिलं..."
"दिवाळीपासून," मी म्हटलं.

एंटर दाबलंच नाही. अकाउंट्सच्या मोघेला आत बोलावलं.
पत्र गेलं नाही, चेक गेला.
माल गुरुवारी आला.
कोर्सवाल्यांना साहेबांनी कळवलं: अतिशय उपयुक्त.

या महिन्याअखेर मी सुटते.
परवा जेवणाच्या सुट्टीत फाइल ठेवायला आत गेले
तर स्क्रीन जागा होता:
"चुरीबाई, एकतीस वर्षं, प्रामाणिक. निरोपाचं भाषण.
भावुक, पण तीन मिनिटांत."
खाली भाषण तयार.
त्यातली बाई संस्थेचा कणा होती,
शिवाय वटवृक्ष, शिवाय दीपस्तंभ.
बरीच उंच असावी. माझी तिची गाठ कधी पडली नाही.

साहेबांच्या खुर्चीत पहिल्यांदाच बसले.
बाहेरून वाटायची त्यापेक्षा खोल निघाली.
माझ्याबद्दल काही घातलं नाही.
आपले स्वर आपणच भरायचे, ते बरं दिसत नाही.
त्यांच्या ओळीखाली एक ओळ जोडली फक्त:
"माहीत नसेल तर आधी विचार."

सात प्रश्न आले.
पहिलाच:
चुरीबाईंचं नाव काय?

तसेच ठेवले, उघडे.
साहेबांच्या पाण्याच्या ग्लासावर झाकण घातलं
आणि जागेवर येऊन
डबा उघडला.